रक्त वाढवायचं तीन महिन्यांचं काम: घरात, शाळेत आणि कामाच्या जागी

"मला पहिल्यापासूनच रक्त कमी आहे." शाळेत तपासणी झाली, एखाद्या मुलीचं हिमोग्लोबिन नऊ आलं म्हणून आईला बोलावून घेतलं, की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. आवाजात काळजी नसते. उंची सांगावी, माहेरचं गाव सांगावं, तसं ती सांगते. तिच्या आईला रक्त कमी होतं, सासूला कमी होतं, आता लेकीला आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत अनेक वर्षं शिकवते आहे आणि या एका वाक्याशी माझं भांडण आहे. रक्त कमी असणं हा कुणाचा स्वभाव नसतो. बहुतेक वेळा ती लोहाची उधारी असते आणि तीन ते सहा महिन्यांत ती फिटू शकते. फेडायची रीत माहीत हवी आणि मध्येच सोडता कामा नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, २०१५-१६च्या फेरीत हेच प्रमाण ४८ टक्के होतं. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात आणि शाळेत फुकट मिळतात, तरी आकडा वर गेला. मी जे पाहिलं त्यावरून सांगते: गोळी गावापर्यंत येते, घरापर्यंतही येते, पण पोटात जात नाही. दप्तराच्या खालच्या कप्प्यात राहते, देवघराच्या फळीवर राहते. ज्यांच्या पोटात जाते त्यांची दुसरी तपासणी कुणी करत नाही. या दोन जागी गळती थांबवली तर बाकीचं जमतं. ते कसं, हे पुढे लिहिते आहे.

आधी आकडा हातात घ्या

डोळ्याची खालची पापणी ओढून पांढरट दिसते का बघणं, नखं बघणं, हे अंदाजापुरतं ठीक. त्यावर निदान करू नका. जिना चढताना धाप लागणं, दुपारी अंग गळून जाणं, केस गळणं, पोटऱ्या दुखणं, वर्गात लक्ष न लागणं या तक्रारी दहा कारणांनी येतात. एक खूण मात्र बोलकी असते: माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची ओढ. मुलगी खडू खाते म्हणून मारू नका, तिचं रक्त तपासा.

तपासणी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. बोटातून थेंब घेऊन मशीनवर लगेच आकडा कळतो. तो चाळणीसाठी चांगला, पण बोट फार दाबून रक्त काढलं तर चुकू शकतो. म्हणून आकडा कमी आला की शिरेतून रक्त घेऊन सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची पूर्ण मोजणी, करून घ्यावी. खासगी लॅबमध्येही ही स्वस्त तपासणी आहे.

किती म्हणजे कमी? गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीला १२ ग्रॅमच्या खाली, गरोदर असेल तर ११च्या खाली, पुरुषाला १३च्या खाली. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना ११, पाच ते अकरा वयाला ११.५ आणि बारा ते चौदा वयाला १२ ही सीमा. मोठ्या माणसाचं आठच्या खाली असेल किंवा गरोदर बाईचं सातच्या खाली असेल, तर तो गंभीर रक्तक्षय. तिथे घरचे उपाय आणि पुढच्या महिन्याचा वायदा चालत नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. आपल्याकडे आठ ग्रॅम घेऊन बायका शेतात खुरपणी करतात. शरीर हळूहळू सवय करून घेतं, म्हणून त्यांना आजारी वाटत नाही. त्यामुळे "मला काही होत नाही" याला पुरावा मानू नका.

सीबीसीच्या कागदावर हिमोग्लोबिनच्या खाली एमसीव्ही नावाची ओळ असते. तांबड्या पेशीचा सरासरी आकार त्यातून कळतो. हा आकडा ८०च्या खाली असेल तर पेशी लहान आहेत: बहुधा लोह कमी, क्वचित थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक. १००च्या वर असेल तर पेशी मोठ्या: तिथे बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडची शंका घ्यायची. दोन्ही कमतरता एकत्र असल्या की आकार मधलाच दिसतो आणि फसायला होतं. डॉक्टर कधी फेरिटिन करायला सांगतात. ती साठवणीतल्या लोहाची तपासणी. ताप किंवा शरीरात सूज असताना फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, त्यामुळे आजारपणात ती करू नका.

कागद हरवतात. एका शंभर पानी वहीत घरातल्या प्रत्येकाचं एक पान करा आणि तारीख, हिमोग्लोबिन, एमसीव्ही लिहून ठेवा. याच वहीवर पुढचं सगळं उभं आहे.

गोळी: कधी, कशाबरोबर, किती दिवस

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. जुन्या पेशी जातात, नव्या तयार होतात, आणि नवीला पुरेसं लोह मिळालं तरच ती भरलेली निघते. म्हणून आठ दिवसांत रक्त वाढवून देणारं टॉनिक, रस किंवा चूर्ण यांवर पैसे घालवू नका. तीन महिने धरून चला. आकडा बारावर गेला की गोळी बंद करण्याची चूक सगळेच करतात. तेव्हा रक्तातलं लोह भरलेलं असतं, साठवण रिकामीच असते. बहुतेक डॉक्टर आकडा सुधारल्यावरही काही महिने गोळी चालू ठेवतात, ती त्यासाठी.

प्रतिबंधाची गोळी वेगळी आणि उपचाराची वेगळी, हा घोळ घरोघरी असतो. २०१८ पासूनच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळांना आठवड्यातून दोनदा एक मिली पातळ औषध, पाच ते नऊ वयाला आठवड्यातून एक गुलाबी गोळी, दहा ते एकोणीस वयाला आठवड्यातून एक निळी गोळी आणि पुढच्या वयाच्या स्त्रियांना आठवड्यातून एक लाल गोळी असते. निळ्या आणि लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. हे सगळं रक्त कमी होऊ नये म्हणून. ते आधीच कमी असेल तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही. तिथे रोजचा डोस लागतो आणि तो डॉक्टर किंवा आरोग्य केंद्र ठरवतं. किशोरवयीन मुलींना सौम्य ते मध्यम रक्तक्षयात रोज दोन गोळ्या तीन महिने असा सरकारी शिरस्ता आहे. अलीकडच्या काही अभ्यासांत एक दिवसाआड घेतलेलं लोह आतड्यात जास्त चांगलं शोषलं जातं असं दिसलं आहे. गोळी सोसत नसेल तर "एक दिवसाआड चालेल का" असं डॉक्टरांना जरूर विचारा. मनाने मात्र बंद करू नका.

गोळी रिकाम्या पोटी सगळ्यात चांगली लागू पडते, हे पुस्तकात खरं. प्रत्यक्षात रिकाम्या पोटी मळमळतं, आणि मळमळलं की ती सुटते. मी सगळ्यांना रात्रीच्या जेवणानंतर तासाभराने, झोपायच्या आधी घ्यायला सांगते. मळमळ झोपेत निघून जाते. सोबत लिंबूपाणी किंवा आवळ्याची फोड. दूध नको, चहा नको, कॅल्शियमची गोळी तर त्या वेळी अजिबात नको. ती सकाळी घ्या. शौचाला काळं होणार, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. ते निरुपद्रवी असतं, पण आधी सांगितलं नाही तर घाबरून गोळी बंद होते. बद्धकोष्ठ झालं तर पाणी, भाजी, भिजवलेले मनुके. तरीही त्रास असेल तर वेगळ्या क्षाराची गोळी मिळते, आणि अगदीच सोसवत नसेल तर शिरेतून लोह देता येतं.

एक इशारा मात्र कळकळीने देते. लोहाच्या गोळ्या लहान मुलाच्या हाताला लागू देऊ नका. लाल, चकचकीत, गोड वेष्टनाच्या असतात आणि दोन वर्षांच्या मुलाला चॉकलेटच वाटतात. एकदम बऱ्याच गोळ्या खाल्ल्या तर मूल दगावू शकतं. डबा वरच्या फळीवर ठेवा आणि मुलाने खाल्ल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना.

स्वयंपाकघरात काय बदलायचं

सुरुवात न आवडणाऱ्या गोष्टीने करते. बीट आणि डाळिंब रक्त वाढवत नाहीत. रंग लाल आहे, एवढंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नाही, डाळिंबात त्याहून कमी. त्याच तक्त्यात बाजरीत ६.४ मिलिग्रॅम आहे, नाचणीत ४.६, ज्वारीत सुमारे ४, आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ०.६५. आजारी लेकीसाठी दीडशे रुपयांची डाळिंबं आणणारे बाप मी पाहिले आहेत. त्यांची माया खरी आहे, म्हणून सांगते: त्या पैशांत बाजरी, मटकी आणि लिंबं येतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि स्त्रीला २९. तेरा ते पंधरा वयाच्या मुलीला ३०. ज्या ताटात जास्त जायला हवं त्याच ताटात आपल्याकडे उरलेलं जातं. बाई शेवटच्या पंगतीला बसते, तोवर भाजी तळाला गेलेली असते, उरते भाकरी आणि रस्सा. म्हणून आहारातला पहिला बदल मी पदार्थांचा सांगत नाही. ताटं एकदम वाढा. सासूबाईंना, सासऱ्यांना आणि नवऱ्याला समोर बसवून हेच सांगितलं पाहिजे. नुसतं सुनेला सांगून उपयोग होत नाही, ती मान हलवते आणि पुन्हा शेवटी जेवते.

मग ताटात काय. थंडीत बाजरीची भाकरी, उन्हाळ्यात ज्वारी-नाचणी. दोन भाकऱ्यांना साधारण १२० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे बाजरीच्या दोन भाकऱ्यांतून साडेसात-पावणेआठ मिलिग्रॅम. त्यासोबत मोड आलेली मटकी किंवा हुलगे. मोड आणल्याने, आंबवल्याने, भिजवल्याने धान्य-कडधान्यातला लोह अडवणारा घटक कमी होतो. म्हणून उसळ ही नुसत्या डाळीपेक्षा सरस, आणि नाचणी मोड आणून दळलेली चांगली. पालेभाज्यांत राजगिरा, माठ, शेपू, चाकवत, अंबाडी, शेवग्याचा पाला. पालकाचा बडेजाव जास्त आहे, त्यातलं लोह सहजासहजी अंगी लागत नाही. चटण्या विसरू नका: कारळं, जवस, तीळ. अळिवाचा लाडू बाळंतिणीला देतो, तो बाकीच्या बायकांनी काय पाप केलंय? सकाळी पोहे करा, पोह्यांत साध्या तांदळापेक्षा लोह बरंच जास्त असतं. वर लिंबू पिळायची आपली जुनी पद्धत आहे, ती शास्त्राला धरून आहे.

लिंबाचं थोडं अधिक सांगते, कारण अर्धी लढाई तिथे आहे. धान्य-भाजीतलं लोह शरीराला पचवायला अवघड जातं. क जीवनसत्त्व सोबत असलं तर ते सोपं होतं. पण उकळताना क जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून लिंबू ताटात पिळायचं, भांड्यात शिजवायचं नाही. आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो, कोबीची कोशिंबीर, कैरी हेही चालतं. उलट चहा. जेवल्यावर लगेच घेतलेला कपभर चहा त्या जेवणातलं बरंचसं लोह बांधून ठेवतो, ते अंगी लागत नाही. चहा सोडा असं मी कुणालाही म्हणत नाही, जेवणाच्या आधी-नंतर एक तास सोडा एवढंच म्हणते. ही एकच गोष्ट पाळली आणि बाकी काही केलं नाही, तरी फायदा आहे.

मटण, कलेजी, सुकट, बोंबील खाणाऱ्यांचं काम सोपं, मांसाहारातलं लोह थेट शोषलं जातं आणि सोबतच्या भाकरीतलंही अंगी लावतं. पण तिथेही रस्सा बायकांना आणि फोडी पुरुषांना, हे बंद व्हायला हवं. गरोदर बाईने कलेजी मात्र जपून, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

लोखंडी तवा आणि कढई माळ्यावरून खाली काढा. आंबट घातलेली आमटी किंवा टोमॅटोची भाजी लोखंडी कढईत शिजवली की थोडं लोह उतरतं. शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळपट होते आणि घरात कुणी खात नाही. गूळ-शेंगदाण्याबद्दल: द्या, चांगलं खाणं आहे, पण आठ आलेल्या हिमोग्लोबिनवर तो उपचार नव्हे.

शाळेतला सोमवार

पहिल्या वर्षी मी केलेली चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. सोमवारी परिपाठ झाला की लगेच रांगेत गोळ्या वाटल्या. मुली घरून चहा-बिस्किटावर आलेल्या होत्या, काही तर तशाच. अर्ध्या तासात एकीला उलटी झाली, तिचं बघून दुसरीला, मग तिसरीला. दुपारपर्यंत पालक फाटकाशी. कुणालाही धोका नव्हता, पण त्यानंतर दोन महिने आमच्या शाळेत एकही गोळी कुणी तोंडात घातली नाही. विश्वास एका सकाळी गेला.

आता आम्ही असं करतो. वर्षाच्या सुरुवातीला, पहिली गोळी देण्याआधी, पालकसभा. आशाताई आणि आरोग्य सेविका हजर. गोळी कशाची, शौचाला काळं का होतं, मळमळलं तर काय, हे त्या सांगतात. ज्यांच्या मुलांना सिकलसेल (हाही आनुवंशिक रक्तविकार) किंवा थॅलेसेमिया आहे, त्यांची नावं त्याच दिवशी वेगळ्या कागदावर घेतो. त्यांना डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय शाळेतून लोह देत नाही. ताप असलेल्या मुलालाही त्या दिवशी नाही.

गोळी सोमवारी, पण पोषण आहार जेवून झाल्यावर. ताट धुऊन वर्गात आलं की प्रत्येकाच्या हातात पाणी भरलेली बाटली हवी. गोळी मी किंवा वर्गशिक्षक हातात देतो आणि समोर गिळलेली पाहतो. "घरी जाऊन घेईन" याला परवानगी नाही, दप्तरात गेलेली गोळी परत येत नाही. आधी आम्ही शिक्षिका घेतो, सगळ्यांसमोर. मुली तेवढ्यावरच निम्म्या निर्धास्त होतात. गोळी-वहीत नावापुढे बरोबरची खूण. गैरहजर असलेल्यांना मंगळवारी. सुट्टी लागणार असेल तर त्या आठवड्यांच्या गोळ्या आईच्या हातात मोजून, मुलाच्या नाही.

मुलग्यांनाही द्यायची. पुष्कळ शाळा इथे चुकतात आणि गोळी "मुलींची" होते. मग आठवीच्या वर्गात ती घेणं म्हणजे लाजेचं कारण. निळी गोळी दहा ते एकोणीस वयाच्या सगळ्यांसाठी आहे. दोघांनी एका वेळी घेतली की चिडवाचिडवी आपोआप थांबते.

१० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, आणि ऑगस्टमध्ये दुसरी फेरी. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची असते, लहानांना तर ती चुरूनच द्या, घशात अडकायला नको. आकडेकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो आणि तो मातीतून, अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतो. म्हणून चप्पल आणि संडास हे रक्तवाढीचेच उपाय आहेत. शाळेच्या संडासाला पाणी आणि आतून कडी आहे का, हे मुख्याध्यापकांनी रोज स्वतः बघावं. कडी नसली तर पाळीच्या दिवसांत मुली येत नाहीत, आणि त्यांचा सोमवार बुडतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी फक्त वजन-उंची उरकून जाऊ देऊ नका. रक्त कमी वाटणाऱ्या मुलांची यादी तयार ठेवा, पथकाकडून पुढच्या तपासणीची चिठ्ठी लिहून घ्या आणि ते मूल खरंच गेलं का याचा पाठपुरावा करा. गावात शाळा सोडलेल्या मुलीही असतात, त्यांची गोळी अंगणवाडीत मिळते. त्यांना तिथवर नेणारं कुणीतरी हवं. माझ्या वर्गातल्या मुली स्वतःच्या मोठ्या बहिणींना घेऊन जातात.

आमच्याकडे पोषण आहारात लोह मिसळलेला तांदूळ आला तेव्हा "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून आयांनी ते दाणे वेचून फेकायला सुरुवात केली होती. शंभर साध्या दाण्यांत एक या प्रमाणात ते दाणे मिसळलेले असतात, तांदळाच्याच पिठात लोह आणि जीवनसत्त्वं घालून बनवलेले. भांडून हे पटत नाही. आम्ही दोन आयांना स्वयंपाकाच्या वेळी बोलावलं, दाणा चिमटीत चुरून दाखवला, त्यांनीच बाकीच्यांना सांगितलं.

कामाच्या जागी

इंडोनेशियातल्या रबराच्या मळ्यांत १९७०च्या दशकात एक प्रयोग झाला होता. रक्त कमी असलेल्या मजुरांना लोहाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा ते दिवसाला जास्त चीक गोळा करू लागले आणि त्यांची कमाई वाढली. मालकाशी बोलायला जाताना हे सांगा. दयेपेक्षा याने दार लवकर उघडतं.

शिलाईचं युनिट असो, पापड उद्योग, दवाखाना किंवा बँकेची शाखा, तीन गोष्टी लगेच करता येतात. पहिली चहाची वेळ. बऱ्याच ठिकाणी डबा खाऊन झाला की चहाची किटली फिरते. ती दीडच्या ऐवजी तीनला फिरवायला सांगा. एक पैसा खर्च नाही. दुसरी, जवळच्या आरोग्य केंद्राला पत्र देऊन वर्षातून दोनदा रक्ततपासणी. प्रत्येकीचा आकडा तिच्याच हातात, पाकिटात. फलकावर नावांची यादी लावणं, किंवा आठ आलेल्या बाईला "काम झेपणार नाही" म्हणून घरी बसवणं, हे झालं की पुढच्या वेळी कुणीही बोट पुढे करणार नाही. तिसरी, गोळ्यांचा डबा सुपरवायझरकडे न ठेवता कामगारांतल्याच एका विश्वासातल्या बाईकडे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. दिवाळीच्या आसपास जोडपी कोयता घेऊन निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत गाव सुटतं. म्हणजे गावची आशाताई सुटते, गोळी सुटते, तपासणी सुटते. निघण्याआधी, उचल घेण्याच्या दिवसांतच, रक्त तपासून पुढच्या सगळ्या महिन्यांच्या गोळ्या सोबत द्यायला हव्यात आणि ज्या कारखान्याच्या हद्दीत टोळी जाणार तिथल्या आरोग्य केंद्राचं नाव वहीत लिहून द्यायला हवं. बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढल्याचं समोर आलं, त्यातल्या अनेकजणी तिशी-चाळिशीच्या आत. अंगावरून जास्त जातं, कामाचा खाडा होतो, दंड बसतो, म्हणून पिशवीच काढून टाकली. अंगावरून जास्त जाण्यावर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं साधन आहे, आणि सोबतचा रक्तक्षय भरून काढता येतो. कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढा म्हणालं तर सोनोग्राफीचा कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घ्या. हे मी हात जोडून सांगते.

आणि आपलं घर हीसुद्धा कुणाची तरी कामाची जागा असते. धुणं-भांडी करायला येणाऱ्या मावशींना विचारा, शेवटचं रक्त कधी तपासलं. तपासणीसाठी एक दिवस पगारी सुट्टी द्या.

आकडा हलत नसेल तर

गोळी सुरू केल्यावर एका महिन्याने पुन्हा तपासा. साधारण एक ग्रॅमने वाढ दिसायला हवी. दिसली तर पुढे चला. दिसली नाही तर पहिला प्रश्न: गोळी खरंच घेतली का? ओरडून विचारू नका, उरलेल्या गोळ्या मोजा. घेतली असूनही आकडा हलला नसेल तर लोह हे एकटं कारण नाही.

पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते, तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, रात्री त्यासाठी उठावं लागतं, मोठ्या गाठी पडतात, यातलं काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ. एक मिली रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. खालून गळणारी टाकी वरून कितीही भरा.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, नागपूर या भागांत, विशेषतः आदिवासी आणि काही इतर समाजांत, सिकलसेल आहे. सांधे दुखणं, डोळे पिवळे होणं, घरात कुणाला रक्त भरावं लागलेलं असणं या खुणा असतील तर त्याची तपासणी आधी. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान चालू आहे, आरोग्य केंद्रात ती चाचणी होते. लग्नाआधी दोघांनीही करून घ्यावी.

शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं फार आढळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. हातापायांना मुंग्या, जीभ गुळगुळीत लाल, विसराळूपणा, आणि मोठी एमसीव्ही दिसली तर बी-१२ तपासा. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही.

पुरुष किंवा पाळी थांबलेली बाई, आणि लोह कमी? तिथे गोळी सुरू करून स्वस्थ बसू नका. पोटातून, आतड्यातून कुठे रक्त जातंय का हे शोधलंच पाहिजे: मूळव्याध असेल, अल्सर असेल, क्वचित कर्करोगही. राज्यातल्या २१.९ टक्के पुरुषांतही रक्तक्षय आढळला आहे, आणि ते तपासणीला सगळ्यात कमी येतात.

तीन महिने झाले की पुन्हा सीबीसी, त्याच लॅबमध्ये. आकडा वहीच्या त्याच पानावर, जुन्याच्या शेजारी लिहा आणि पान आईला दाखवा, मुलीला दाखवा. बारा झालं असेल तर डॉक्टर सांगतील तितके महिने गोळी चालू ठेवा, आणि त्याच ओळीच्या खाली पुढच्या तपासणीची तारीख आत्ताच लिहून टाका.